दोन पर्वतींचा फरक

"वर आसंल का गं?"

एवढंच विचारलं होतं अण्णांनी, आणि मी चहाच्या आधणाकडे बघत, मागे वळूनसुद्धा न बघता म्हटलं, वर कुठं अण्णा, इथं वर असं काही नाहीच. १० डिसेंबर २०१७, रविवार. त्या प्रश्नाच्या जरा आधी, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. लंडनजवळच्या स्लाउमधलं आमचं भाड्याचं घर, किचनची खिडकी मागच्या गार्डनवर उघडणारी, आणि तिला नाक लावून अण्णा उभे. डोक्याला माकडटोपी, दोन स्वेटर, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट. बाहेर जे काही पडत होतं त्याला पाऊस म्हणावं तर ते जरा सावकाश येत होतं आणि बर्फ म्हणावं तर फरशीला टेकेपर्यंत त्याचं पाणी होत होतं. ना धड हे ना धड ते. गोळेवाला रंध्यावर बर्फ घासतो तेव्हा खाली ग्लासाबाहेर जो भुगा सांडतो ना, आणि आपण बोट लावेपर्यंत नाहीसा होतो, अगदी तसं. अण्णांचं तिकीट मंगळवारचं होतं, १२ तारखेचं. आईचं पण. दोन महिने राहिले होते, लंडन बघून झालं होतं, राणीच्या घराबाहेरचे टोपीवाले बघून झाले होते, आता एकच राहिलं होतं, आणि ते त्यांनी कधी तोंडाने मागितलं नव्हतं, फक्त रोज सकाळी उठले की आधी पडदा सारून बघायचे.

आईला यातलं काही नव्हतं. ती म्हणायची, फ्रीजर उघडला की दिसतो की बर्फ, त्याला काय बघायचं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. वाई-महाबळेश्वर गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की पसरणी घाटातली वळणं त्यांना स्वतःच्या घराच्या पायऱ्यांसारखी, अंधारात पाय टाकावा तशी. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचे. श्रावणात वाईहून निघताना गणपतीच्या घाटावर चक्क ऊन असायचं, घाट चढताना नुसता ओला वास, दांडेघरला आलं की काचेवर बारीक पीठ चाळल्यासारखं काहीतरी, पाचगणीत वायपर सुरू, भोसे गेलं की त्याचा वेग पुरेनासा, आणि मेटगुताडच्या पुढे वायपर चालू असला काय नि बंद असला काय, अण्णा मान पुढे काढून डोळे बारीक करून अंदाजाने गाडी हाकायचे. परत येताना हेच सगळं उलट्या क्रमाने. कुठल्या वळणावर वायपर बंद करायचा हे त्यांचं ठरलेलं असायचं आणि ते कधी चुकले नाहीत. मला तेव्हा वाटायचं अण्णाच पाऊस थांबवतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बत्तीस-तेहेतीस किलोमीटरवरच्या आमच्या वाईला त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही, हे मी पुढे भूगोलात शिकले, मार्कही मिळवले, पण ते काचेवर वळणावळणाने कसं बदलतं हे ज्याला हाताने माहिती होतं तो माणूस त्या दिवशी माझ्या किचनमध्ये उभा राहून विचारत होता की वर असेल का, आणि मी त्याला सांगत होते की इथं वर नाहीच.

आता माझी पण बाजू सांगते. आम्ही सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसं. तेराशे-साडेतेराशे मीटरवरचं महाबळेश्वर, तिथंही कधी बर्फ पडत नाही, पडलाच तर वळवात गारा, आणि अण्णांच्या लेखी आभाळातून पडणारं गोठलेलं पाणी म्हणजे गाराच. अशा माणसाला स्लाउच्या उत्तरेला दिसणाऱ्या चिल्टर्न हिल्स म्हणजे काय? खडूच्या मऊ टेकड्या, वर बीचची झाडं, सगळ्यात उंच ठिकाण वेंडोव्हरच्या जंगलात, २६७ मीटर. तेही समुद्रसपाटीपासून हां. आमचं घर असेल तीस मीटरवर. माझी एक सांगलीची मैत्रीण हेझलमिअरला राहते, हाय विकमच्या वरच्या अंगाला, ते १६०-१७० मीटरवर. म्हणजे तिच्या नि माझ्या घरात फरक किती, तर जेमतेम दोन पर्वती एकीवर एक ठेवल्या तर होईल तेवढा. आदल्या रात्री टीव्हीवर ती हवामानवाली बाई नकाशावर हात फिरवत उंचावरच्या भागात जास्त बर्फ, दीडशे-दोनशे मीटरच्या वर वगैरे म्हणत होती तेव्हा मी नि नवरा हसलो होतो. दोनशे मीटर म्हणजे 'उंचावर'! ह्यांना एकदा लिंगाण्याखाली उभं करायला पाहिजे. असं काहीतरी बोलले मी. अण्णा हसले नाहीत. ते टीव्हीकडेच बघत होते, इंग्रजी कळत नव्हतं, पण नकाशा नि बाईचा हात कळत होता.

आणि मग त्या साडेनऊनंतर एक पंधरा-वीस मिनिटं अशी आली की मला आजही ती नीट आठवतात. एकदम जोर वाढला. जे पडत होतं ते आधी जाड झालं, मग मोठं झालं, आणि मग बघता बघता ते पडायचं थांबून तरंगायला लागलं. दोन-दोन रुपयांच्या नाण्याएवढे पुंजके, ओले, एकमेकांना चिकटलेले. कपडे वाळत घालायची छत्री आहे ना आमच्या गार्डनमध्ये, तिच्या दोऱ्यांवर पांढरी किनार चढली. अण्णा दार उघडून बाहेर, पायात घरातल्या चपला, आई ओरडतेय, माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, तो आजोबांच्या मागे मोजे घालूनच. अण्णांनी हात पुढे केला, तीर्थ घेतात तसा खोलगट, आणि त्यात पडलेलं बघायला हात डोळ्यांजवळ आणला तोवर पाणी. परत पुढे केला, परत पाणी. मुलगा म्हणाला आजोबा, जॅकेटवर घ्या, जॅकेटवर टिकतो. मग जाकिटाच्या बाहीवर एक पुंजका पाचेक सेकंद टिकला. तो दोघांनी मिळून बघितला. आणि मग जोर ओसरला, पुंजके बारीक झाले, आणि दहा मिनिटांत साधा, सरळ, कंटाळवाणा पाऊस. दोरीवरची किनार टपटप गळून गेली. फरशीवर राहिला तो नुसता राडा.

तेव्हाच आत येऊन, टोपी झटकत, अण्णांनी तो प्रश्न विचारला होता.

दुपारी बारा-साडेबाराला मैत्रिणीचा फोटो आला. तिच्या गार्डनमधलं टेबल, आणि त्यावर एखाद्या बेकरीवाल्याने फुरसतीने क्रीम थापावं तसा सपाट, कडांना गोल झालेला बर्फ. तिच्या मुलीने शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी त्यात उभी खोचली होती, वरचं टोक तेवढं दिसत होतं. मी फोन केला. ती म्हणाली अगं, समोरचं घर दिसत नाहीये, धुकं आहे की ढगच उतरलाय काय माहीत, सकाळपासून एक मिनिट थांबलेला नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पाऊस. ती म्हणाली, फेकू नकोस. मी म्हटलं, तूच फेकतेयस. संध्याकाळी बातम्यांत हाय विकमला १७ सेंटिमीटर नोंदवलाय म्हणून सांगितलं. आमच्या घरापासून ती वीस किलोमीटरवर राहते. वाईहून पाचगणी घाटाच्या रस्त्याने जेवढी आहे त्याच्या साधारण दीडपट. नवरा म्हणाला आज नको, एम फोर्टी हायवे अडलाय, गाड्या घसरतायत, आणि ते बरोबरच होतं. पण सोमवारी काय झालं होतं? सोमवारी रस्ते मोकळे होते, मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरून गेल्या होत्या, वर बर्फ जसाच्या तसा पडून होता. सोमवारी माझं अर्ध्या दिवसाचं ऑफिस होतं, मग बॅगा होत्या, तेवीस किलोच्या वर जातायत म्हणून बाथरूमच्या वजनकाट्यावर बॅग उभी करून मी आईशी भांडत होते की हे चार डबे चॉकलेटं कशाला. अण्णांना मी फोटो दाखवला होता. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "म्हंजी हुतं वर."

बास. एवढंच. मला घेऊन चल म्हणाले नाहीत. आणि मला त्याचाच राग येतो, आजसुद्धा, की म्हणाले का नाहीत. मग लगेच वाटतं की मागायची वेळ का आणली.

नंतर मी या गोष्टीच्या मागे लागले. म्हणजे अपराधी वाटलं की काही लोक देवळात जातात, मी वाचत बसते. आणि जे कळलं ते इतकं साधं होतं की अजून राग आला. आकाशात कुठेतरी एक शून्य अंशाची रेघ असते, तिच्या वर पडणारं बहुतेक गोठलेलं, तिच्या खाली वितळणारं. आपल्याकडे महाराष्ट्रात ती रेघ साडेचार-पाच किलोमीटर वर असते, तिथून निघालेला बर्फ आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं पाणी कधीच झालेलं असतं, म्हणून महाबळेश्वरसारखी उंच उंच ठिकाणंसुद्धा त्या हिशेबात काहीच नाहीत, त्या रेघेपर्यंत त्यांचं डोकंच पोचत नाही. इथे हिवाळ्यात ती रेघ खाली येऊन माणसांच्या डोक्यावर घिरट्या घालते. कधी पाचशे मीटरवर, कधी दोनशेवर, कधी छपरावर. आणि बर्फाचा पुंजका त्या शून्याच्या रेघेखाली उतरला की लगेच वितळत नाही, त्याला पूर्ण पाणी व्हायला साधारण दोन-तीनशे मीटर तरी पडत यावं लागतं. म्हणजे तो जो वितळण्याचा पट्टा आहे, बर्फाचा पाऊस करणारं जे काही स्वयंपाकघर आहे, त्याचीच उंची मुळात एवढीशी. मग मधे दीडशे मीटरची टेकडी आली तर ती टेकडी त्या पट्ट्याच्या अर्ध्यात डोकं घालून बसते. तिच्यावर राहणाऱ्याला पुंजका मिळतो, पायथ्याच्या माणसाला त्याच पुंजक्याचं पाणी. टेकडी मोठी आहे का हा प्रश्नच नव्हता. ती त्या पट्ट्याच्या मानाने किती, एवढाच प्रश्न होता. मी लिंगाणा घेऊन मोजायला बसले होते.

आणि वर चढताना हवा गार होते ती पण ठरलेल्या दराने, शंभर मीटरला अर्धा ते एक अंश धरा, हवा कोरडी किती यावर थोडं कमीजास्त. एरवी स्लाउला बारा आणि हेझलमिअरला अकरा असेल तर कुणाला फरक पडतो, गळपट्टासुद्धा बदलत नाही कोणी. पण त्या रविवारी आमच्याकडे दीड होतं. त्यातून एक-सव्वा वजा केलं की काय उरतं बघा.

त्या पंधरा मिनिटांचं कोडं पण सुटलं. उन्हाळ्यात आम्ही पॉटचं आइस्क्रीम करायचो, लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि सगळ्या चुलत भावंडांनी पाळीपाळीने हँडल फिरवायचं. बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता खातो म्हणून आतलं दूध गोठतं. वर तेच चाललेलं असतं. पुंजके वितळतात तेव्हा ते ज्या हवेतून पडतायत तिचीच ऊब खातात. रिमझिम असेल तर खाल्लेली ऊब भरून निघते, पण एकदम जोरात कोसळायला लागलं की इतके पुंजके एकदम वितळतात की हवा गार पडत जाते आणि ती शून्याची रेघ खेचली जाते खाली, टेकडीवरून उतरून अगदी आमच्या कपडे वाळवायच्या छत्रीपर्यंत. जोर ओसरला की रेघ परत वर. म्हणजे त्या सकाळी टेकडीवरची हवा पंधरा-वीस मिनिटांसाठी आमच्या गार्डनमध्ये येऊन गेली होती आणि अण्णा तिच्यात उभे होते. मैत्रिणीकडे ती दिवसभर होती. हवा आधी कोरडी असेल तर आणखी एक गोष्ट होते, पडणारं थोडं थोडं वाफ होऊन उडतं आणि त्याने पण हवा गार होते, माठाची गोष्ट, ती तर आपल्याला सांगायलाच नको.

मैत्रिणीच्या त्या धुक्याचं तर मला फार आवडलं. टोर बेर्गेरॉन म्हणून एक स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ होते, त्यांनी उप्सालाच्या आसपास पाऊस मोजला, आणि तिथल्या टेकड्या म्हणजे चिल्टर्नसुद्धा त्यांच्यापुढे सह्याद्री, शंभर मीटरही नाहीत. तरी त्यांच्यावर भोवतालच्या सपाटीपेक्षा जास्त पडत होतं. कारण काय तर ओलसर वारा टेकडीवर जरासा जरी उचलला गेला तरी तिच्या माथ्यावर एक बुटका ढग तयार होतो, टोपीसारखा. तो ढग स्वतः काही फार पाडत नाही, त्याचे थेंब फार बारीक. पण वरच्या मोठ्या ढगातून पडणारे पुंजके त्यातून खाली येताना ते बारीक थेंब अंगाला लावून घेत येतात आणि जड होऊन उतरतात. रिकामी एसटी घाटमाथ्यावरच्या गावात थांबून टपावर पाट्या, डालगी, माणसं घेत घेत खाली उतरते तशी. वरची गाडी नसेल तर माणसं तिथंच ताटकळत, गावात गाडी थांबत नसेल तर टप रिकामा. मैत्रिणीला समोरचं घर दिसत नव्हतं ते या टोपीमुळे. ती ढगातच बसून मला फोन करत होती आणि आम्ही एकमेकींना फेकू म्हणत होतो.

अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग ह्यात नवीन काय, आपल्या घाटात हेच हाय की.

मंगळवारी पहाटेची गोष्ट राहिली. साडेचारला हीथ्रोला निघायचं होतं. आदल्या रात्री आभाळ एकदम निवळलं होतं, वारा पडला होता, आणि त्या पहाटे श्रॉपशरमध्ये शॉबरीला उणे १३ झालं होतं हे मला नंतर कळलं. आमच्याकडे तेवढं नाही, पण गाडीवर खरबरीत, जाड, पांढरा थर. नवरा डेबिट कार्डाने काच खरवडत होता. अण्णांनी बॅग खाली ठेवली, टपावरून बोट फिरवलं, बोटावरचं चुरमुर्‍यासारखं पांढरं अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "ह्ये तर वेण्णा लेकवरचं." आणि खरंच की. दर थंडीत पेपरात येतं ना, महाबळेश्वरात हिमकण, वेण्णा लेकच्या जेट्टीच्या फळ्या पांढऱ्या, लिंगमळ्यात गाड्यांच्या टपांवर पांढरा थर, पर्यटक तो गोळा करून फोटो काढतायत. अण्णांनी पहाटेच्या पहिल्या गाडीला ते शेकड्याने बघितलेलं. तो बर्फ नव्हेच, ते जमिनीवरचं दव गोठलेलं. आणि गंमत अशी की ते वर बाजारपेठेत नसतं, खाली तळ्यापाशी असतं. वारा नसलेल्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगटात साठते. म्हणजे पडणाऱ्या बर्फाला वर जावं लागतं आणि साठणाऱ्या थंडीला खाली. टेकडी तीच, रात्र बदलली की हिशेब उलटा. चिल्टर्नच्याच एका दरीत, रिकमन्सवर्थला, याचं नावाजलेलं ठिकाण आहे, तिथं रेल्वेचा भराव दरीला आडवा आलाय आणि त्याच्यामागे गार हवा धरणासारखी तुंबते. शेतकऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. आमच्या ओढ्याकाठच्या वावरात पहाटे जी कळ लागायची पायाला ती वरच्या माळावर लागत नसे, आजी म्हणायची थंडी ओढ्याला पाणी प्यायला जाते.

दोन महिने वाट बघून शेवटी अण्णांच्या बोटाला जे लागलं ते त्यांच्या ओळखीचंच निघालं. तरी खूश होते ते. मीच नव्हते.

आणि नशीब बघा, ते गेले आणि अडीच महिन्यांत तो 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' आला. फेब्रुवारी २०१८ चा शेवट, मार्चची सुरुवात. ध्रुवाच्या डोक्यावरचा वारा फाटला आणि सैबेरियाकडची हवा सरळ आमच्या अंगावर. दुपारी बारालाही शून्याच्या खाली. आणि यावेळी स्लाउलाही पडला, हेझलमिअरलाही पडला, कोरडा, पिठूळ, मुठीत दाबला तरी गोळा होईना असा, मुलगा रडकुंडीला आला स्नोमॅन होत नाही म्हणून. मी मैत्रिणीला मोठ्या ऐटीत फोटो पाठवला. तिच्याकडे थोडा जास्त होता, पण तो चहाच्या कपाचा फरक, डिसेंबरसारखा पाऊस आणि टेबलभर बर्फ असा नाही. तेव्हा लक्षात आलं की हवा इतकी गार असेल, शून्याची रेघ जमिनीत गाडली गेली असेल, तर पाऊस की बर्फ हा निवाडा टेकडीच्या हातात उरतच नाही. मग तिच्या वाट्याला दुसरी कामं. उत्तर समुद्रावरून सरी यायच्या, त्या समुद्राचं पाणी तरी सहा-सात अंश, वरची हवा उणे, त्या तफावतीवरच त्या सरी उकळून उठलेल्या, आणि किनाऱ्यापासून जरा आत लिंकनशरचे वोल्ड्स, यॉर्कशरचे, केंटमधले नॉर्थ डाउन्स, सगळ्या दीडशे-दोनशे-अडीचशे मीटरवाल्या टेकड्या, त्या या सरींना आधी थोडं पिळून घेतात. आणि दुसरं काम म्हणजे वारा. पूर्वेचा वारा माथ्यावरचा सगळा कोरडा बर्फ झाडून नेतो आणि जिथे आडोसा मिळेल तिथे टाकतो. चिल्टर्नमधल्या जुन्या गल्ल्या खोल, दोन्ही बाजूंना बांध, कुंपणं, आपल्या पाणंदींसारख्या. माथ्यावर गवताची टोकं दिसतात आणि खाली पाणंद कंबरेएवढी भरलेली. मैत्रीण म्हणाली, आमच्या शेजाऱ्याच्या लॉनवर हिरवळ दिसतेय आणि त्याची गाडी मात्र सापडत नाहीये.

व्हिडिओ कॉलवर अण्णांना बर्फ दाखवला. दार उघडून, गार्डनमध्ये जाऊन, मूठ भरून कॅमेऱ्याजवळ नेऊन. ते म्हणाले, छान आहे. मग म्हणाले, त्या दिवसासारखा न्हाई. मला आधी वाटलं माझं मन राखायला बोलतायत. आता वाटतं की त्यांना खरंच तो दुसराच आवडला होता. तो ओला, काठावरचा, हातात येईपर्यंत न टिकणारा. काठावरच्या हवामानातच त्यांचा सगळा जन्म गेला ना, वायपर लावू की नको लावू, या वळणावर की पुढच्या. सगळीकडे सारखंच पडतंय म्हटल्यावर ड्रायव्हरला काम काय.

पुढच्या हिवाळ्यात मी एक खुळेपणा केला. जानेवारी संपत आला होता, टीव्हीवर परत ती दीडशे-दोनशे मीटरवाली भाषा सुरू झाली होती, आणि एका सकाळी आमच्याकडे तसलंच, ना धड हे ना धड ते, सुरू झालं. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि गाडी काढली. कोणाला सांगितलं नाही, सांगणार काय. घरापाशी गाडीच्या काट्यावर अडीच. काचेवर थेंब, साधे, गोल, पडले की फुटणारे. फार्नम रॉयलला दोन. फार्नम कॉमनच्या झाडीत शिरले तेव्हा काही थेंब फुटायच्या ऐवजी पसरायला लागले, मधे एक पांढुरका डाग, जसा ताकाचा शिंतोडा. मी वायपर मुद्दाम बंद ठेवला आणि बघत राहिले, मागून एकाने हॉर्न मारला. बीकन्सफील्डच्या गोल चक्करपाशी एक अंश, आता डागच जास्त, थेंब कमी, आणि रस्त्याकडेच्या गवतावर राखाडी झाक, डांबर मात्र काळंच. तिथून पेनकडे चढ आहे, म्हणजे चढ असा की एसटीवाल्याने गियरसुद्धा बदलला नसता. अर्धा अंश. एका वळणावर, डावीकडे कुंपण आणि उजवीकडे घोड्यांचं कुरण, तिथे काचेवरचा आवाजच गेला. इतका वेळ टपटप होती, बारीक का होईना, ती थांबली. मला वाटलं पडायचं थांबलं. पण समोर बघितलं तर सगळं पांढरं, तिरपं, शांतपणे येत होतं, आणि काचेवर पडलेलं हलत नव्हतं. गाडी बाजूला घेतली, धोक्याचे दिवे लावले. वाईला दुपारचे दीड-दोन वाजले असतील, अण्णा जेवून आडवे झालेले असणार. तरी लावला फोन. मी धापा टाकत सगळं सांगत सुटले, अडीच, दोन, एक, अर्धा, फार्नम अमुक नि बीकन्स तमुक, त्यांना त्यातलं एक नाव कळत नव्हतं, तरी हं हं करत ऐकत होते. मी थांबले तेव्हा मागे त्यांच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

"त्ये ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वायपर कुटं लावलास?"

म्हटलं, अजून लावलाच नाहीये.

"मग लाव की. काच भरंल."